बॅटरी नवी, तरी चार्जिंग गायब: आमच्या बोटीचा बिघाड कसा सापडला

मालवणजवळच्या देवबागच्या संगमावर सुकती लागली की कर्ली नदीचं पाणी बोटीला थेट समुद्राकडे ओढतं. नेमकं तिथेच, पर्यटकांना फोटो काढता यावेत म्हणून मी इंजिन बंद केलं. परत चावी फिरवली तर नुसतं 'टक्'. बोटीत सहा माणसं, त्यात दोन लहान मुलं. नांगर टाकला, कव्हर काढलं, इंजिनवरच्या जड चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, दोरी गुंडाळली आणि तिसऱ्या झटक्याला 40 हॉर्सपॉवरचं मशीन चालू झालं. आमचं मशीन जुनं, कार्ब्युरेटरचं. त्याच्या इग्निशनची कॉईल वेगळी असते, तिला बॅटरी लागत नाही, म्हणून निभावलं. पण घरी आल्यावरही हात थरथरत होते.

ही बॅटरी जेमतेम तीन आठवड्यांची होती. आधीची अशीच उतरायला लागली, तेव्हा दुकानात 'प्लेटा गेल्या' म्हणून सांगितलं आणि मी नवी घेतली. आता तिसरी घ्यायला निघालो, तर आमच्या मेस्त्रींनी अडवलं.

"झिला, बॅटरी कित्याक बदलतंस? आधी मोजून बघ!"

बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून रात्रभर तशीच ठेवली. सकाळी मीटरवर 12.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी चार्ज धरून होती. मग खाडीत नांगर टाकून इंजिन चालू केलं. मेस्त्री थ्रॉटलवर, मी मीटर धरून. दोन हजार आरपीएमला बॅटरीच्या टोकांवर 14 च्या आसपास यायला हवे होते. आले 12.5. दिवे आणि बोटीतलं पाणी उपसायचा पंप लावला, तर आकडा हळूहळू खालीच उतरायला लागला. चार्जिंग पोचतच नव्हतं.

माझा पहिला संशय फ्लायव्हीलखालच्या स्टेटरवर, म्हणजे चार्जिंगचा करंट तयार करणाऱ्या कॉईलवर. तो बदलायचा तर फ्लायव्हील काढा, पुलर आणा आणि खर्चही मोठा. मेस्त्रींनी मला आरपीएमचं मीटर दाखवलं. "काटो हलता मां? मगे कॉईल जिवंत आसा." आमच्या मशीनवर तो काटा स्टेटरच्याच करंटवर चालतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. तरी खात्री करून घेतली. इंजिन बंद करून स्टेटरच्या दोन हिरव्या वायरी सोडवल्या. त्यांच्यापासून इंजिनच्या बॉडीपर्यंत करंट जायला नको, तसा जात नव्हता. मग मीटर एसीवर ठेवून मशीन चालू केलं. आरपीएम वाढेल तसे व्होल्टही वाढत गेले. स्टेटर ठीक. (कव्हर काढलेलं असताना फ्लायव्हील उघडं फिरतं. बाही, गळ्यातली दोरी, मोकळे केस त्याच्या जवळ नकोत. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीच सोडू नका, रेक्टिफायर, म्हणजे स्टेटरचा एसी करंट बॅटरीसाठी डीसी करणारा भाग, जळू शकतो.)

वायरी परत जोडल्या आणि आता रेक्टिफायरच्या आउटपुटला मोजलं. 14.4! त्याच क्षणी बॅटरीवर 12.5. जवळजवळ दोन व्होल्ट मधल्या वायरीत कुठेतरी गळत होते. ती वायर मी आधी तपासली होती. फ्यूज शाबूत होता, दोन टोकांना मीटर लावला तर बीपही आला होता. मेस्त्रींनी समजावलं ते मला फार मोलाचं वाटतं: बीप वाजवायला मीटरला कणभर करंट पुरतो. जाड वायरीतली एकच तार शाबूत असली तरी तो वाजतो, पण चार्जिंगचा करंट त्या एका तारेतून जात नाही. म्हणून इंजिन चालू ठेवून, लोड लावून, वायरीच्या दोन टोकांमधला व्होल्टचा फरक मोजायचा.

मीटरची एक सुई रेक्टिफायरवर ठेवली आणि दुसरी टप्प्याटप्प्याने पुढे नेली. फ्यूज होल्डरच्या अलीकडे 0.1, पलीकडे 1.8. होल्डरला हात लावला तर कोमट लागला. इंजिन बंद करून, बॅटरी सोडवून तो कापला. बाहेरून वायरीचं लाल आवरण अगदी नव्यासारखं. आत तांबं काळं पडलेलं, त्यावर हिरवा कळंक, बोटांनी चोळला तर पीठ होऊन पडला. आठ-दहा बोटं मागे कापत गेलो तेव्हा कुठे चकचकीत तांबं लागलं. खारं पाणी वायरीच्या आतून असं चढत जातं, बाहेरून पत्ताही लागत नाही.

ती सगळी वायर बदलली. कथिलाचा मुलामा असलेली बोटीची वायर घेतली, झाकणाचा फ्यूज होल्डर बसवला, टर्मिनल नीट दाबून घेतले आणि वर आतून गोंद असलेली नळी गरम करून चढवली. संध्याकाळी खाडीत पुन्हा मोजलं: बॅटरीवर 14.2. मेस्त्रींनी मीटर माझ्या हातातून घेऊन स्वतः एकदा बघितला, मान हलवली आणि विडी पेटवायला टोकाला जाऊन बसले.

'प्लेटा गेल्या' म्हणून काढलेली जुनी बॅटरी पडवीत होती. ती भरून रात्रभर ठेवली, सकाळी 12.6. हल्ली ती बोटीत दुसरी बॅटरी म्हणून असते, स्विच टाकला की स्टार्टरला जोडली जाते.