6,840 खोटा, 34 खरा: आईच्या लिव्हरच्या तपासण्यांचा अनुभव

आईच्या पिवका-टू या रक्ततपासणीचा रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी बार्शीच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत होते. आकडा होता 6,840 आणि शेजारी नॉर्मलची मर्यादा 40. तपासणीच्या नावाखाली 'लिव्हर कॅन्सर मार्कर' असं छापलेलं. मी तिथेच बाकावर बसले. आईला फोन करायचं धाडस झालं नाही, भावाला केला.

आईला हिपॅटायटिस बी आहे हे 2014 साली तिच्या हृदयाच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत कळलं. तेव्हा तिची झडप बदलली, धातूची बसवली. पुढे सिरोसिस झाल्याचं, म्हणजे लिव्हर वण पडून कडक झाल्याचं निघालं. व्हायरस दाबणारं टेनोफोविर सुरू झालं आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ततपासणी करायचं ठरलं, कारण सिरोसिस असलेल्या लिव्हरमध्ये कॅन्सर होण्याचा धोका मोठा आणि गाठ लहान असताना काहीच दुखत नाही. आम्ही हे नेमाने केलं. या वेळी एएफपी वाढलेलं दिसलं म्हणून जोडीला पिवका-टू सांगितली गेली.

रक्त घ्यायला घरी आलेल्या मुलाने गोळ्या कोणत्या चालू आहेत हे विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुण्यात लिव्हरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि पहिला प्रश्न आईला विचारला, "मावशी, रक्त पातळ व्हायची गोळी कधीपासून घेता?" आई म्हणाली, "झडप बसवली तेव्हापासून. दर महिन्याला आयएनआर करते की मी." म्हणजे रक्त किती पातळ आहे ते बघायची तपासणी. डॉक्टरांनी त्या 6,840 वर पेनाने रेघ मारली.

मग त्यांनी समजावलं. रक्त गोठायला लागणारं प्रोथ्रोम्बिन लिव्हर बनवतं आणि ते पूर्ण व्हायला व्हिटॅमिन के लागतं. आईची एसिनोकुमारॉलची गोळी नेमकं तेच काम अडवते, म्हणून अर्धवट प्रोथ्रोम्बिन रक्तात येतं. लिव्हरच्या कॅन्सरच्या पेशीही असंच अर्धवट प्रोथ्रोम्बिन सोडतात, आणि पिवका-टू त्यालाच मोजते. ते कुठून आलं हे तिला कळत नाही. वॉरफेरिन घेणाऱ्यांचंही असंच होतं. इतरांसाठी ही तपासणी खरोखर उपयोगी आहे, कारण गाठ असूनही एएफपी नॉर्मल असणारे पेशंट पुष्कळ असतात आणि त्यातल्या काहींची गाठ पिवकामुळे लक्षात येते.

मला इतकं हलकं वाटलं की मी पिशवी आवरायला लागले. डॉक्टर म्हणाले, "थांबा. मला काळजी या दुसऱ्या आकड्याची आहे."

दुसरा आकडा एएफपीचा, 34. फाइलमध्ये मागचे दोन रिपोर्ट होते, 9 आणि 16. बाळ पोटात असताना त्याचं लिव्हर हे प्रोटीन बनवतं, जन्मानंतर ते अगदी कमी होतं. हिपॅटायटिस उसळला तरी ते वाढतं. पण आईचा व्हायरस औषधाने दबलेला, लिव्हरची सूज दाखवणारं एसजीपीटी नॉर्मल. मग वाढायला कारण काय? चारशेच्या वर गेलं तरच घाबरायचं असं आम्ही कुठूनतरी ऐकून बसलो होतो. पण सिरोसिसमध्ये वीसच्या वर गेलं किंवा सारखं चढत राहिलं, तर सोनोग्राफी स्वच्छ असली तरी पुढे बघावं लागतं. आईची सोनोग्राफी स्वच्छच होती.

ट्रिपल फेज सीटी झालं, म्हणजे रंग देऊन तीन टप्प्यांत काढलेलं स्कॅन. लिव्हरला बहुतेक रक्त पोर्टल शिरेतून मिळतं, कॅन्सरच्या गाठीला मात्र धमनीतून. म्हणून सुईतून दिलेला रंग धमनीत असताना गाठ उजळते आणि पुढच्या फेजमध्ये भोवतालच्या लिव्हरपेक्षा काळी पडते. आईच्या लिव्हरमध्ये उजवीकडे वर, डायफ्रामखाली, 2.1 सेंटीमीटरची गाठ अशीच दिसली. सिरोसिस असताना असं चित्र आलं तर बायॉप्सीशिवाय, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा न काढता, निदान करता येतं. रक्त पातळ ठेवावं लागणाऱ्या बाईसाठी हे केवढं मोठं, ते झडपवाल्यांच्या घरी विचारा.

आई सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "म्हणजे मोठा आकडा खोटा आणि लहान खरा."

गाठ सुईने आतल्या आत जाळायचं ठरलं, मायक्रोवेव्ह अब्लेशन. त्याआधी गोळी बंद करून तिच्याऐवजी रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं पोटात द्यावी लागली, कारण रक्त घट्ट झालं तर झडपेवर गुठळी धरते. ते दिवस सीटीच्या दिवसापेक्षा कठीण गेले. हृदयाचे डॉक्टर आणि लिव्हरचे डॉक्टर फोनवर बोलत राहिले आणि मी दोघांचे निरोप वहीत लिहीत राहिले. महिन्याने सीटीत गाठीच्या जागी फक्त जळालेला डाग दिसला. दोन महिन्यांनी एएफपी 7 आलं.

याच धावपळीत आम्हा भावंडांचंही रक्त हिपॅटायटिस बीसाठी तपासलं. माझं निगेटिव्ह, मी लस घेतली. भावाचं पॉझिटिव्ह निघालं. आईकडून बाळाला जन्माच्या वेळी हा व्हायरस जाऊ शकतो, आणि आमच्या जन्माच्या वेळी ही लस सरकारी लसीकरणात नव्हती; देशभर ती 2011 साली आली. त्याच्या तपासण्या आता सरकारी दवाखान्यात मोफत होतात, 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात.

आईच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल पेनने लिहून ठेवलंय: 'रक्त पातळ करणारी गोळी चालू, पिवका-टू करू नये.' त्याखाली एएफपीचे सगळे आकडे तारखेसह, एकाखाली एक, एकाच लॅबचे. पुढची तारीख जूनमधली आहे.