सर्क्युलर की : मान खाली घालून करायची फेरी

सिडनीत सर्क्युलर कीला, म्हणजे बोटींच्या धक्क्यावर, उतरलं की बघणाऱ्याची मान आपोआप वर जाते. एका बाजूला हार्बर ब्रिज, दुसऱ्या बाजूला ऑपेरा हाउस. ही फेरी मात्र मान खाली घालून करायची. इथल्या फरसबंदीत धातूच्या सुमारे साठ गोल तबकड्या बसवल्या आहेत. प्रत्येकीवर एक लेखक, त्याची थोडकी ओळख आणि एखादा उतारा. १९९१ साली सुरू झालेला हा 'रायटर्स वॉक'.

क्रूझ जहाजांच्या धक्क्यापासून निघून ऑपेरा हाउसच्या प्रांगणापर्यंत जायचं. अंतर जेमतेम किलोमीटरभर, पण सगळं वाचत गेलात तर दीड तास धरा. सकाळी आठच्या आत यावं. नंतर ऑफिसला निघालेल्यांचे लोंढे बोटींतून उतरतात आणि वाकून वाचणारा माणूस सगळ्यांच्या वाटेत येतो. जहाज लागलेलं असेल तर पश्चिमेकडच्या तबकड्या बॅगांच्या चाकांखालीच असतात. अशा दिवशी उलटं, ऑपेरा हाउसकडून सुरुवात करा. दुपारी धातू इतका चमकतो की अक्षरं लागत नाहीत. आपली सावली तबकडीवर पडेल असं उभं राहिलं की लागतात.

पाहुणे लेखकही इथे बरेच आहेत : मार्क ट्वेन, कॉनरॅड, किपलिंग. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगपाशी आपला पाय अडखळणारच, पण सिडनीपुरता तोही चार दिवसांचा पाहुणा. वेळ राखून ठेवायचा तो कवी केनेथ स्लेसरसाठी.

स्लेसरची १९३९ची 'फाइव्ह बेल्स' ही विलापिका समोरच्याच पाण्यावर लिहिलेली आहे. त्याचा चित्रकार मित्र जो लिंच १९२७ मध्ये रात्रीच्या बोटीवरून बंदरात पडला. मृतदेह मिळालाच नाही. कविता वाचण्याआधी जहाजावरच्या घंटेचा हिशेब माहीत हवा, नाहीतर शीर्षकच कळत नाही. चार तासांचा एक पहारा, दर अर्ध्या तासाला एक ठोका वाढतो. रात्री आठला सुरू होणाऱ्या पहाऱ्यात पाच ठोके पडतात ते साडेदहाला, आणि तेही जोडीजोडीने : टण-टण, टण-टण, टण. तेवढ्या अवधीत कवीच्या मनातून मित्राचं अख्खं आयुष्य सरकतं. घड्याळाची वेळ एक, आठवणीची दुसरी. हे धरून वाचलं की मधले तुटक प्रसंग जागेवर बसतात.

ही कविता बंदरापलीकडच्या मोसमनला जाणाऱ्या बोटीवर, अंधार पडल्यावर वाचावी. लिंचही त्याच बाजूला निघाला होता. डेकवर वारा कागद टिकू देत नाही, म्हणून फोनवर उतरवून घ्या. भाडं ओपल या इथल्या प्रवासाच्या कार्डाने किंवा बँकेच्या कॉन्टॅक्टलेस कार्डाने. चढताना ज्या कार्डाने टॅप केलं त्याच कार्डाने उतरताना करायचं. चढताना कार्ड आणि उतरताना फोन असं केलंत तर यंत्र दोन अर्धवट प्रवास समजतं आणि जास्तीत जास्त भाडं कापतं. जॉन ऑल्सनने याच कवितेवर १९७३ साली केलेलं प्रचंड भित्तिचित्र ऑपेरा हाउसमध्ये, कॉन्सर्ट हॉलच्या उत्तरेकडच्या फॉयरमध्ये आहे.

आता मुलांसाठी लिहिणारी मे गिब्ज. तिची तबकडी बघून बहुतेक जण गालात हसतात, कारण निलगिरीच्या बोंडांची टोपी घातलेली तिची गोरी गुबगुबीत बाळं तिथल्या पिढ्यांनी लहानपणी वाचलेली आहेत. पुस्तक 'स्नगलपॉट अँड कडलपाय', १९१८चं. बोटीने कुराबाच्या धक्क्यावर उतरून थोडा चढ चढलं की तिचं घर, 'नटकोट', लागतं. ते रोज उघडं नसतं, वार बघूनच निघा.

पण त्या घरी जाण्याआधी एव्हलिन अरालुएनचा निबंध वाचाच. ती बंजलंग या आदिवासी वंशाची कवयित्री. 'सिडनी रिव्ह्यू ऑफ बुक्स'मध्ये २०१९ साली आलेला तो निबंध त्या बाळांवरच आहे, आणि फुकट वाचता येतो. आदिवासींच्या भूमीत गोरी बाळं अशी वसवली, की जणू तिथे आधी कोणी नव्हतंच, ही तिची तक्रार. तरी तिने स्वतःही ती पुस्तकं प्रेमाने वाचलेली आहेत. ती ओढाताण न लपवल्यामुळेच लिखाण भाषणबाजी होत नाही. तिचा 'ड्रॉपबेअर' (२०२१) हा संग्रह कविता आणि गद्य मिळून आहे. शीर्षकही खट्याळ : झाडावरून माणसाच्या डोक्यावर झेप घेणारा हिंस्र कोआला, म्हणजे पर्यटकांना मारायची थाप. २०२२ साली स्टेला हा ऑस्ट्रेलियन लेखिकांसाठीचा पुरस्कार कवितेसाठी खुला झाला आणि पहिल्याच वर्षी तो याच पुस्तकाला मिळाला. पुढच्या वर्षीही कवितासंग्रहच, सारा हॉलंड-बॅटचा 'द जॅग्वार'.

गोरी ज्युडिथ राइट आणि आदिवासी उजरू नूनुकल या दोन कवयित्रींच्या तबकड्या एकामागोमाग वाचाव्यात, मध्ये कितीही पायपीट होवो. उजरूचा 'वी आर गोइंग' (१९६४) हा ऑस्ट्रेलियन आदिवासी लेखकाचा छापून आलेला पहिला कवितासंग्रह. प्रकाशकाकडे त्याचं हस्तलिखित वाचून शिफारस करणारी राइटच. पुढे राइटने मैत्रिणीला उद्देशून 'टू ड्रीमटाइम्स' लिहिली. त्या कवितेत आपल्या पूर्वजांनी बळकावलेल्या जमिनीचा कबुलीजबाब आहे.

पुस्तकं घ्यायची तर ग्लीबमध्ये ग्लीबुक्स. पातळसा संग्रहही पंचवीसेक डॉलरला पडतो. नुसतं चाळायचं असेल तर सर्क्युलर कीपासून दहा-पंधरा मिनिटांवर मॅक्वारी स्ट्रीटवर स्टेट लायब्ररी आहे, आत जायला पैसे लागत नाहीत.