आडोसा

अण्णाचं हॉटेल म्हटलं की लातुरातला रिक्षावाला पत्ता विचारत नाही. पाटीवर वेगळंच भारदस्त नाव आहे, पण ते फक्त लाइटबिलावर येतं. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. मधे त्यांचा मुलगा गल्ल्यावर बसला, आता नातू बसतो. पाटीवरच्या नावाखाली बारीक अक्षरात ‘परमिट रूम अँड रेस्टॉरंट’ आहे, आणि तिथून बाहेर पडताना ओळखीचं कुणी भेटलं तर प्रत्येक जण जेवूनच आलेला असतो.

सुरुवात चहा-भज्यांची. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, आडत बाजार हाकेच्या अंतरावर. पहाटे हमाल, दुपारी तुरीच्या पोत्यांसोबत आलेले शेतकरी, संध्याकाळी हिशोब आटोपून मुनीम. अण्णा निजामाच्या राज्यात वाढलेले. तेव्हा आबकारी हे सरकारचं मोठं उत्पन्न होतं. शिंदी पिणारा उघड्यावर बसून प्यायचा, कुणी मान वळवून बघत नसे. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य संपलं, 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि मुंबईचा 1949 चा दारूबंदी कायदाही मागोमाग आपल्याकडं आला. अण्णा हसून म्हणायचे, “निजाम गेला ते बरंच झालं, पर लपून प्यायची सवय आपल्याला त्याच्यामागून लागली.”

माझ्या मते या हॉटेलचा खरा इतिहास त्या लपण्याचा आहे. मेनू फारसा बदललाच नाही. येसराची आमटी, सुकं मटण, ज्वारीची भाकरी, मागाल तेवढा कांदा. बदलत गेला तो आडोसा.

बंदी सैल झाल्यावर अण्णांनी लायसन काढलं आणि चहाच्या हॉटेलामागं प्लायवूडच्या केबिनी ठोकल्या. चार माणसं दाटीवाटीनं बसतील एवढी एकेक केबिन, आणि तोंडाला तारेत ओवलेला पडदा. पडद्याचा मूळ रंग कुणी पाहिला असेल तर ते अण्णाच. माझ्या आठवणीत त्याची एक कड कायम तांबूस आणि कडक, कारण तर्रीचे हात रुमालाआधी तिथं पुसले जात. पण पडदा शिवणाऱ्यानं कापड वाचवलं होतं. तो गुडघ्याच्या वरच संपायचा, आणि खालून चपला दिसायच्या. लातूर तेव्हा लहान. कुणाच्या चपलेचा अंगठा शिवलेलाय, कुणाच्या बुटाला नाडी नाही, हे निम्म्या गावाला पाठ. आमच्या एका मास्तरांची कोल्हापुरी मी तिथं पाहिली आणि दुसऱ्या दिवशी व्यसनमुक्तीच्या निबंधाला मला चांगले मार्क पडले. (योगायोग असेल.) वेटर मामा मात्र खरा कारभारी. भाजीची वाटी ठेवता ठेवता पायानं चपला आत ढकलायचा आणि म्हणायचा, “आत घ्या की मालक, गाव बघायलंय.”

कायद्यानं तर पिणारा प्रत्येक जण परवानाधारक. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा, जन्मभराचा हजाराचा, आणि त्यावर कारण लिहिलेलं असतं ते आरोग्य राखण्याचं. एवढ्या माणसांचं आरोग्य राखणारी दुसरी संस्था आमच्या गल्लीत नव्हती. परवान्याचं पुस्तक गल्ल्याखाली असे. ते कुणी मागितल्याचं मी पाहिलं नाही. उधारीची वही मात्र रोज निघायची.

वर्षातून काही दिवस आडोसा लागतच नसे. 29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी, म्हणजे ड्राय डे. पोरं मिरवणुकीत नाचून उशिरा हॉटेलातच टेबलं जोडून झोपली. पहाटे चारच्या आसपास टेबलंच हलायला लागली. किल्लारीच्या बातम्या दिवस उजाडल्यावर आल्या. पुढं कितीतरी दिवस त्या भटारखान्यात मटण शिजलं नाही. पिठलं-भाकरीची गाठोडी टेम्पोत चढत होती आणि केबिनींत पिठाची पोती होती. पडदे त्याच वेळी काढले, ते परत लागले नाहीत.

नंतर मुलाचा जमाना. त्यानं एसी आणला, काळ्या काचा आणल्या, आणि अंधारच आडोसा झाला. आत गेल्यावर समोर सासरा बसलाय की साडू, हे कळायला पाच मिनिटं लागायची. तोवर ऑर्डर गेलेली असे. वरच्या मजल्यावर ‘फॅमिली’ निघालं. बायकापोरं बाजूच्या जिन्यानं वर, बाप्ये खालच्या दारानं आत, असे एकाच घरातले दोन भाग एकाच छताखाली जेवलेले मामानं पाहिलेत.

2016 चा उन्हाळा वेगळा. दारू होती, पाणी नव्हतं. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागलेली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. बार्शी लाइटची छोटी गाडी ज्या मिरजेहून लातूरला यायची, तिथूनच. हॉटेलात कागदी प्लेटा आल्या, हात धुवायला गल्ल्यावरून मोजून एकेक मग पाणी मिळू लागलं. आजवर कधी दिसलं नव्हतं असं एक दृश्य तेव्हा दिसलं: लोक पेग टेबलावर उघडा ठेवायचे आणि पाण्याची बाटली मांडीखाली दाबून बसायचे.

नातू पुण्यात शिकून आलाय. त्याला सगळं उघडं हवं. म्हणाला, लोकांना बाहेरून दिसलं पाहिजे आत किती छान आहे. रस्त्याकडची भिंत पाडून त्यानं वरपासून खालपर्यंत पारदर्शक काच बसवली. ट्यूशनची पोरं, नव्या नोकरीतली जोडपी, आईवडिलांना घेऊन आलेल्या लेकी काचेशेजारी बसून तंदुरी खातात, फोटो काढतात. धंदा वाढलाय, हे मान्य करायला पाहिजे. मलाही ते आवडलं, जरी मी स्वतः खांबाशेजारचं टेबल धरतो.

आडतीतली जुनी मंडळी मात्र अजून मागच्या बोळातून येतात. अंधारात कुणी धडपडू नये म्हणून नातवानं तिथं मोठा एलईडी लावलाय. मामा रोज संध्याकाळी सातला जाऊन तो बंद करतो, आणि बिल वाचलं म्हणून नातवालाच सांगतो.