पहिली पट्टी बरोबर, पुढच्या बिघडलेल्या

नागपूरला कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा लिलाव आटोपला की शेतकरी पट्टीची वाट बघत अडत्याच्या गाळ्यासमोर बसतो. पट्टी म्हणजे हिशेबाचा कागद. वर वजन आणि भाव, खाली कपात (हमाली, तोलाई, गाडीभाडं, आधी घेतलेली उचल) आणि तळाला हातात येणारी रक्कम. एका अडत्यासाठी ही पट्टी छापणारं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीकडे आहे. लिहिलं दुसऱ्यानं, तो पुण्याला निघून गेला, आता ते मी सांभाळते.

आंबिया बहाराच्या ऐन गर्दीत त्या गाळ्यावरच्या दिवाणजींचा फोन आला. नरखेडकडचा एक शेतकरी समोर उभा होता आणि विचारत होता, "माही हमाली दोनदा काहून कापली?"

बाकीच्यांनी हे विचारलं नव्हतं, कारण छापील पट्टीवर कपातीची फक्त बेरीज येते. तपशील हवा असेल तर वेगळा मागावा लागतो. या माणसानं मागितला. त्यात हमालीच्या दोन ओळी होत्या, एक १५० रुपयांची आणि एक २१६ची. त्याचा माल साडेबारा क्विंटल, म्हणजे १५० त्याचीच. २१६ कोणाची, ते त्या कागदावर कुठेच नव्हतं.

ऑफिसात आल्याबरोबर टीम लीड सर म्हणाले, "राऊंडिंग असेल." आमच्याकडे पैशाचा कुठलाही घोळ झाला की पहिला संशयित राऊंडिंग, म्हणजे अपूर्णांक जवळच्या पूर्ण आकड्यावर आणणं. त्याला कारणही आहे. हा कोड मुळात पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीतला, पायथॉन २ मधला. १ जानेवारी २०२० ला त्या आवृत्तीचा आधार संपला, तेव्हा सगळं पायथॉन ३ वर आणलं. जुन्या आवृत्तीत अडीचला राऊंड केलं की तीन यायचे. नव्यात दोन येतात, आणि साडेतीनचे मात्र चार. अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जायचं, असा नियम. हजारो रकमांत प्रत्येक अर्धा वरच ढकलला तर बेरीज हळूहळू फुगते, म्हणून केलेली ही सोय. हिशेबनीसाला पटेल अशी, पण शाळेत शिकलेल्या गणिताच्या विरुद्ध. तेव्हा आमच्याकडे रुपया-रुपयाचे वाद झाले होते, सरांना ते आठवत होते.

पण राऊंडिंगनं एका पट्टीत फार तर रुपयाचा फरक पडेल. २१६ रुपयांची हमाली राऊंडिंगमधून जन्माला येत नाही. हे मी सांगितलं, तरी ती दुपार दशांश चिन्हांच्या मागे गेली. मग दोन पूर्णांक सहाशे पंचाहत्तर हजारांशला दोन स्थळांपर्यंत राऊंड केलं की दोन पूर्णांक सदुसष्ट येतात, अडुसष्ट नाही, यावर चर्चा. (तो आकडा संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमका मावत नाही, किंचित कमीच साठवला जातो. पायथॉनच्या अधिकृत माहितीत हेच उदाहरण दिलंय. आम्ही ते नव्यानं शोधलं.)

मुख्य अडचण अशी की चूक आमच्याकडे होतच नव्हती. त्याच शेतकऱ्याचे तेच आकडे टाकून मी पट्टी काढली, ती बरोबर आली. पुन्हा सर्व्हर सुरू करून काढली, पुन्हा बरोबर. कोड तपासणाऱ्या टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. सर म्हणाले, दिवाणजींनीच दोनदा बटण दाबलं असेल. आयटी पार्कात बसून कळमन्यातल्या माणसावर संशय घेणं आमच्या धंद्यात फार सोपं असतं.

त्या दिवाणजींबद्दल थोडं सांगते. ते मोबाईलवर मराठी कीबोर्ड वापरतात आणि वजनाच्या चौकटीत सरळ '१२.५' असं देवनागरीत लिहितात. आमच्या वेबपानाची जावास्क्रिप्ट त्यावर 'हा आकडाच नाही' म्हणायची. पायथॉन मात्र देवनागरी अंक बिनतक्रार वाचतं. मजकुराचा पूर्णांक करा की अपूर्णांक, बंगाली किंवा अरबी लिपीतले अंकसुद्धा चालतात. तेव्हा मी वेबपानातली तपासणी काढून अंक थेट पायथॉनकडे पाठवले होते. या भाषेवर माझा जीव जडला तो बहुतेक त्याच दिवशी. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

तर मी कळमन्याला गेले. दिवाणजींची स्वतःची एक वही आहे. सॉफ्टवेअर आलं तरी ती बंद झालेली नाही. कोणाची पट्टी कधी निघाली, कोणाच्या मागून कोणाची, सगळं क्रमानं. ते म्हणाले, "ताई, मी पाहून राहिलो ना. सकाळची पहिली पट्टी कधीच चुकत नाही. मंग बिघडते. अन् सगळ्याइची नाही बिघडत. ज्याची उचल नाही, ज्यानं गाडी स्वतःची आणली, त्याचीच."

हे वाक्य ऐकून मी तिथेच गाळ्यात लॅपटॉप उघडला. पहिली बरोबर, पुढच्या बिघडलेल्या, याचा अर्थ काहीतरी साठतंय. आणि उचल-भाडं नसलेल्यांचीच बिघडते, याचा अर्थ कपातीची यादी बाहेरून येत नाही तेव्हाच ते साठलेलं वापरलं जातंय. पट्टी बनवणाऱ्या फंक्शनची (एक ठरावीक काम करणाऱ्या कोडाच्या तुकड्याची) पहिली ओळ बघितली. चार गोष्टी घेणारं फंक्शन: शेतकरी, वजन, भाव, आणि चौथी कपाती=[]. (कोडात नावं रोमन लिपीत आहेत. पायथॉन ३ला ती देवनागरीतही चालली असती.)

पायथॉन न लिहिणाऱ्यांसाठी. चौथी गोष्ट दिली नाही तर रिकामी यादी धरायची, असं ती ओळ म्हणते. वाचणाऱ्याला वाटतं, दर वेळी नवी रिकामी यादी मिळेल. मिळत नाही. फंक्शनची व्याख्या करणारी डेफची ओळ हीसुद्धा पायथॉनमध्ये चालवली जाणारी ओळ आहे. प्रोग्राम सुरू होताना ती एकदा चालते, तेव्हाच ती यादी तयार होते आणि फंक्शनलाच चिकटून राहते. पुढे प्रत्येक हाकेला, म्हणजे फंक्शन वापरलं की दर वेळी, तीच. आत कोणी तिच्यात काही घातलं, तर पुढच्याला ते घातलेलंच मिळतं. आणि फंक्शनच्या पोटात खाली एक ओळ होतीच: हमाली काढून यादीला अपेंड करणारी, म्हणजे शेवटी जोडणारी.

पायथॉनची मला आवडणारी गोष्ट म्हणजे ती काही लपवत नाही. फंक्शनला चिकटलेल्या या डिफॉल्ट (काही दिलं नाही तर धरायच्या) किमती बाहेरून वाचता येतात. चालू सर्व्हरवर एक लॉगची (नोंद ठेवणारी) ओळ टाकली: प्रोसेसचा, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामचा, क्रमांक, त्या यादीचा मेमरीतला पत्ता, आणि यादीत काय आहे ते. दुसऱ्या दिवशी लिलाव झाला, पट्ट्या निघाल्या, आणि लॉगमध्ये ती यादी वाढताना दिसली. पत्ता एकच, आत २१६, मग १५०, मग १८०. पहिल्या शेतकऱ्याच्या कपातीत २१६, दुसऱ्याच्या ३६६, तिसऱ्याच्या ५४६.

ऑफिसात हे का होत नव्हतं, तेही उलगडलं. मी एक पट्टी काढायचे आणि सर्व्हर पुन्हा सुरू करायचे, म्हणजे माझी प्रत्येक पट्टी पहिलीच. कळमन्यासाठी चालणाऱ्या सर्व्हरवर गनिकॉर्नचे (पायथॉनचे प्रोग्राम वेबवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) चार वर्कर आहेत, म्हणजे चार वेगळे प्रोसेस आणि चार वेगळ्या याद्या. कोणत्या शेतकऱ्याची पट्टी कोणत्या वर्करकडे जाईल याचा नेम नाही, म्हणून चूक अंगात आल्यासारखी कधी यायची, कधी नाही. त्यात मेमरी वाढते म्हणून कोणीतरी रोज पहाटे सर्व्हर आपोआप पुन्हा सुरू व्हायची सोय करून ठेवलेली. मेमरी काहून वाढते, हे कोणी विचारलं नव्हतं. रोज पहाटे पुरावा पुसला जात होता.

दिवाणजींना मी सांगितलं, दर शेतकऱ्याला नवा कोरा कागद द्यायचा होता, पण दिवसभर एकच कागद फिरला आणि आधीच्याचं लिहिलेलं त्यावर राहून गेलं. त्यांना ते लगेच समजलं. मग त्यांनी विचारलं, "पण बनवणाऱ्यानं तसं ठेवलंच काहून?"

याचं उत्तर तेव्हा अर्धवट दिलं, तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून आणि रुबीमध्ये डिफॉल्ट किंमत प्रत्येक हाकेला नव्यानं काढली जाते. तिथे ही पट्टी बिघडली नसती. म्हणजे दुसरा रस्ता होता. पण पायथॉनच्या रस्त्यालाही हिशेब आहे. डिफॉल्टमध्ये एखादी खर्चिक आकडेमोड असेल तर ती एकदाच होते. ती कोणत्या क्षणीच्या किमतींवर चालेल याबद्दल शंका उरत नाही: डेफची ओळ चालली त्या क्षणीच्या. आमच्याच कोडात याचा फायदा घेतलाय. व्यापाऱ्यांना संध्याकाळी निरोप पाठवण्यासाठी एका लूपमध्ये लॅम्डा (बिननावाची छोटी फंक्शनं) बनवले आहेत. लॅम्डा बाहेरच्या नावाची किंमत चालताना बघतो, त्यामुळे साधे लिहिले असते तर सगळे निरोप यादीतल्या शेवटच्या व्यापाऱ्याला गेले असते. उपाय म्हणून 'व्यापारी=व्यापारी' असं डिफॉल्टमध्ये लिहितात, म्हणजे त्या क्षणीचा व्यापारी तिथेच पकडला जातो. ज्या नियमानं शेतकऱ्यांची हमाली कापली, तोच नियम त्याच फाईलमध्ये व्यापाऱ्यांचे निरोप बरोबर पोचवत होता.

भाषेलाही हे टोचतं, असं दिसतं. २०१८ साली आवृत्ती ३.७ मध्ये डेटाक्लास आले, माहिती एकत्र बांधून ठेवायची एक नवी सोय. त्यात डिफॉल्ट म्हणून रिकामी यादी लिहिली तर पायथॉन तिथेच चूक दाखवून थांबतं. म्हणजे नव्या खोलीत कठडा बांधला, जुन्या जिन्यावर नाही, कारण जुन्यावर तीस वर्षांचा कोड उभा आहे. २०२१ मध्ये हाकेच्या वेळी किंमत काढणाऱ्या डिफॉल्टसाठी वेगळं चिन्ह घ्यावं, असा रीतसर प्रस्तावही आला. तो भाषेत आलेला नाही. 'पायथॉन सोपी भाषा' अशा पाट्या लावून दोन-तीन महिन्यांचे वर्ग चालवणाऱ्यांनी हे शिकवावं असं वाटतं, पण ते तरी काय करतील. अशा ओळीवर बोट ठेवणारी पायलिंटसारखी साधनं फुकट मिळतात. आमच्याकडे ती लावलेलीच नव्हती, 'फार कटकट करतात' म्हणून.

अडत्याला खुलासा द्यायचा होता. सरांनी पत्राचा मसुदा केला, त्यात 'माजी कर्मचाऱ्याच्या अज्ञानामुळे' असे शब्द होते. पुण्याला गेलेल्या त्या मुलाला मी ओळखत नाही. पण मी त्याचा कोड रोज वाचते आणि तो अज्ञानी वाटत नाही. लिंटर (पायलिंटसारखं साधन) चालवून बघितला तेव्हा त्याच्याच एका फंक्शनमध्ये असंच डिफॉल्ट सापडलं, बाजारभाव साठवून ठेवण्यासाठी, आणि शेजारी टीप: 'हे मुद्दाम आहे, एकच डिक्शनरी (नाव-किंमत जोड्यांचा साठा) राहावी म्हणून.' ज्याला हे माहीत होतं त्यानं पट्टीत असं कसं केलं?

मग गिटमध्ये, म्हणजे कोडातल्या प्रत्येक बदलाची नावानिशी नोंद ठेवणाऱ्या साधनात, इतिहास बघितला. पट्टीचं फंक्शन त्यानं लिहिलं तेव्हा ते यादीची फक्त बेरीज करत होतं. यादी नुसती वाचायची असेल तर रिकामं डिफॉल्ट निरुपद्रवी असतं. हमाली तेव्हा पडद्याकडूनच (आकडे भरायच्या पानाकडूनच) यादीत येत असे. तो गेल्यानंतरच्या हंगामात, मोबाईलचा नवा पडदा आला तेव्हा, हमालीचा हिशेब फंक्शनच्या आत आणला गेला आणि अपेंडची ओळ घातली गेली. त्या ओळीवर नाव सरांचं.

सरांना नावं ठेवायला हे लिहीत नाही. त्यांची ओळही एकटी बघितली तर निर्दोष आहे. गिट बदल दाखवताना सहसा वर-खालच्या तीन-तीनच ओळी दाखवतं, आणि डेफची ओळ तिथून बरीच वर होती. तपासणाऱ्याचं तिच्याकडे लक्षच गेलं नसणार. दोन निर्दोष ओळी, दोन माणसं, मध्ये बराच काळ. पण मसुद्यातले ते शब्द मी सरांना वाचून दाखवले आणि शेजारी गिटचं पान उघडं ठेवलं. पत्रात आता 'प्रणालीतील तांत्रिक त्रुटी' एवढंच आहे. दिवाणजींनी ते वाचून विचारलं, "म्हणजे कोन?"

पैसे परत करायला त्यांचीच वही कामी आली. कोणाच्या हमालीची ओळ कोणाच्या पट्टीत शिरली, ते वजनं आणि क्रम जुळवून काढलं. जे पुन्हा माल घेऊन आले त्यांच्या पुढच्या पट्टीत जमा केले. काही जण हंगामात एकदाच येतात, त्यांना फोन चालू आहेत.

दुरुस्ती छोटीच, पण माझा बदल अजून मंजूर व्हायचाय. सरांचं म्हणणं, रूढ पद्धतीनं डिफॉल्ट नन ('काहीच नाही' सांगणारी किंमत) ठेवावं आणि आत तपासून नवी यादी करावी. त्यानं पट्टी बरोबर येईल, मान्य. पण अपेंड तसंच राहिलं तर बाहेरून दिलेली यादीही फंक्शन गुपचूप वाढवत राहील, आणि उद्या कोणी तीच यादी दोनदा पाठवली की पुन्हा हेच. मी डिफॉल्टला रिकामा टपल ठेवलाय, ज्यात काही घालताच येत नाही, आणि आत आलेल्या कपातींची प्रत काढून हमाली त्या प्रतीत टाकलीय. सर म्हणतात, टपल बघून नवीन पोरं गोंधळतील. मी खाली लिहिलंय की गोंधळून विचारायला आली तर बरंच आहे.