कुठल्या खिडकीवर कुठला पासपोर्ट: मेलबर्न–पुणे–लंडन

आईने जेवणाचं टेबल दोनदा पुसलं, कोरडं झालंय का ते हात फिरवून बघितलं आणि मगच म्हणाली, "ठेव आता इथे." मी पाउच उघडून एकेक वस्तू मांडली. ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट. ब्रिटनचा पासपोर्ट. ब्रिटनचाच जुना, कोपरा कापलेला पासपोर्ट. ओसीआयची, म्हणजे मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' नोंदणीची पुस्तिका. मेलबर्नहून पुण्याला आईकडे आले होते, आता लंडनला लेकीकडे जायचं होतं. रात्री आठला टॅक्सी येणार होती. कोथरूडहून मुंबई विमानतळ आणि तिथून उत्तररात्री लंडनचं विमान. निघण्याआधी सगळे कागद मांडून बघायची सवय बाबांची. ते एसटीने कोल्हापूरला जातानाही तिकीट खिशातून दोनदा काढून बघायचे.

आई आत गेली आणि गोदरेजच्या कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. त्यात जुनं रेशनकार्ड, बाबांचं पेन्शनचं पुस्तक आणि माझा भारतीय पासपोर्ट. "हाही ने. असू दे बरोबर, लागला तर."

तो कुठेच लागणार नव्हता. २००७ सालीच त्यावर रद्दचा शिक्का बसला आहे. पण मी तो हातात घेतला. १९९८चा पासपोर्ट, हाताने लिहिलेला. नावाच्या ओळीत कुणा कारकुनाचं गोलसर, सावकाश काढलेलं अक्षर. फोटोत पंचवीस वर्षांची मी, दोन वेण्या घातलेली. पोलीस व्हेरिफिकेशनला चौकीतून हवालदार आले होते तेव्हा आईने त्यांना चहा आणि कांदेपोहे दिले होते आणि समोरच्या काकांना साक्षीला बोलावलं होतं. त्या दिवशी घरात केवढा आनंद होता! आमच्या घरातला तो पहिला पासपोर्ट.

टेबलावर तीन पासपोर्ट शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट पहिल्यांदाच नीट दिसली. तिन्ही गडद निळे. ब्रिटनचा पूर्वी लालसर मरून रंगाचा असायचा, २०२०पासून तो निळा झाला. ऑस्ट्रेलियाचा निळाच. भारताचाही निळा. घाईत हाताला चुकीचा येऊ नये म्हणून ब्रिटनच्या पासपोर्टला मी तुळशीबागेतून घेतलेलं खणाचं कव्हर घातलंय, जांभळ्या काठाचं. अंधाऱ्या विमानातही बोटांना कळतं. आणि तिन्हींच्या आतल्या पानावर, जन्मस्थानासमोर, एकच शब्द आहे: पुणे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण दर खेपेला पुण्यात कुणीतरी विचारतंच. माझ्या दोन पासपोर्टांमधला एकही भारताचा नाही, आणि असूही शकत नाही. राज्यघटनेचं नववं कलम आणि १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम, दोन्ही तेच सांगतात: आपल्या इच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. २००६ साली मी ब्रिटनची शपथ घेतली, त्याच क्षणी ते संपलं. कुणी पत्र पाठवत नाही, कुणी फोन करत नाही. ब्रिटनला दोन नागरिकत्वं चालतात. ऑस्ट्रेलियालाही ४ एप्रिल २००२पासून चालतात. म्हणून २०१७ साली ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं तेव्हा ब्रिटनचं सोडावं लागलं नाही. सोडावं लागलं ते फक्त पहिलं.

ओसीआयला आपल्याकडे सर्रास 'दुहेरी नागरिकत्व' म्हणतात. ते नागरिकत्व नव्हे, आयुष्यभराचा व्हिसा आहे. येता-जाता येतं, राहता येतं, घर घेता येतं. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. जानेवारी २०२६मध्ये पुणे महापालिकेची निवडणूक जवळजवळ नऊ वर्षांनी झाली आणि आईने शाई लावलेल्या बोटाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. एक्क्याऐंशी वर्षांची आहे, रिक्षाने जाऊन मत देऊन आली. तो फोटो मी अजून पुसलेला नाही.

असो. आता प्रवास.

दोन पासपोर्ट घेऊन फिरताना आपल्याला कागद मागणारी माणसं दोन प्रकारची असतात आणि दोघांचे प्रश्न वेगळे असतात, हे मला उशिरा कळलं. इमिग्रेशनचा अधिकारी विचारतो, तू आमच्या देशाची कोण? विमान कंपनीचा माणूस विचारतो, तू जिथे उतरणार तो देश तुला आत घेईल का? घेतलं नाही तर परत आणण्याचा खर्च कंपनीवर पडतो, वर दंडही होतो. म्हणून ते इतके काटेकोर असतात. त्यांच्यासमोर टायमॅटिक नावाची यंत्रणा असते. तीत पासपोर्ट कुठला आणि जायचं कुठे हे भरलं की कागद कुठले लागतात ते दिसतं. एकाच विमानतळावर, पन्नास पावलांच्या अंतरात, या दोन खिडक्यांवर दोन वेगळे पासपोर्ट दाखवावे लागतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही, तसंच करायचं असतं.

मेलबर्नहून निघताना मी नेमकी इथेच अडकले. तिकीट काढताना सवयीने ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्टचा नंबर टाकला होता. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "भारताचा व्हिसा दिसत नाही." मी ओसीआय पुढे केलं. तिने ते उलटसुलट बघितलं. त्यावर राष्ट्रीयत्व ब्रिटिश आणि हातात ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट. मग मी खणाचं कव्हर काढून ब्रिटनचा दिला. तर ओसीआयमधला पासपोर्ट नंबर त्याच्याशीही जुळेना, कारण २०२४ साली तो नवा झाला आणि नंबर बदलला. तिने सुपरवायझरला बोलावलं. पाठीमागे रांग वाढत होती, बरोबरच्या एका आजोबांनी आपली ट्रॉली माझ्या बॅगेशेजारून हळूच पुढे काढली. माझ्या तळहाताला घाम आला होता. तिकडे आई वाट बघत असते, तेव्हा काउंटरवरची वीस मिनिटं फार मोठी असतात.

नियम माझ्या बाजूने होता. पूर्वी दर नव्या पासपोर्टला ओसीआय पुन्हा काढायची कटकट असायची. २०२१मध्ये ते सोपं झालं. विसाव्या वर्षानंतरचा पहिला पासपोर्ट निघाला की एकदा नवं ओसीआय. पन्नाशीनंतरच्या पहिल्या पासपोर्टला फक्त त्याची प्रत आणि आपला नवा फोटो तीन महिन्यांत ऑनलाइन चढवायचा, पैसे पडत नाहीत. माझं ओसीआय विशी उलटल्यावरच काढलेलं, त्यामुळे मला फक्त दुसरं करायचं होतं, आणि ते मी केलं होतं. जुना पासपोर्ट बरोबर बाळगायची सक्तीही तेव्हाच गेली. पण मी तो बाळगते, आणि त्या दिवशी त्यानेच वेळ निभावली. सुपरवायझर बाईंनी जुना मरून पासपोर्ट, त्यातला नंबर आणि ओसीआयमधला नंबर ओळीवर बोट ठेवून पडताळले, बुकिंगमधला ऑस्ट्रेलियाचा नंबर काढून ब्रिटनचा घातला आणि बोर्डिंग पास दिला. तिथून पुढे मी ऑस्ट्रेलियाचाच पासपोर्ट दाखवून बाहेर पडले. आपल्या नागरिकांनी आपल्याच पासपोर्टवर जावं-यावं असं त्या देशाचं सांगणं आहे. ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांना माझं कळकळीने एवढंच सांगणं आहे की चेक-इनला नेहमीपेक्षा तासभर आधी जा, आणि जुना पासपोर्ट सक्ती नसली तरी बॅगेत टाका.

सिंगापूरला नुसतं विमान बदलायचं होतं. तिथे कुणी पासपोर्टवर शिक्का मारत नाही.

मुंबईला पहाटे उतरले. ओसीआयच्या रांगेत माझ्यापुढे दोनच माणसं. इथे ब्रिटनचा पासपोर्ट आणि ओसीआय. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने पान उलटलं, जन्मस्थान वाचलं आणि एकदम मराठीत विचारलं, "पुण्यात कुठे?"

"कोथरूडला."

"मी बारामतीचा," ते म्हणाले आणि शिक्का मारला. "आईकडे का?"

एवढंच. पण परदेशी माणसाच्या रांगेतून स्वतःच्या गावी जाताना जे काही आत दाटून येतं, ते त्या दोन वाक्यांनी हलकं झालं. त्यांच्या पुढ्यातल्या संगणकावर मी ब्रिटिश नागरिक होते आणि त्यांच्या बोलण्यात माहेरवाशीण. बाहेर जातानाही मला हाच पासपोर्ट दाखवायचा होता, कारण ज्या पासपोर्टवर भारतात आल्याची नोंद होते, त्याच्यावरच जाण्याची व्हावी लागते. मधेच ऑस्ट्रेलियाचा काढला तर ती बाई देशात आलीच कधी, असा प्रश्न उभा राहतो.

टॅक्सीत बसल्यावर खालापूरला चहा घेतला, घाटात उजाडलं, आणि चांदणी चौकाच्या नव्या पुलांवरून खाली उतरताना ड्रायव्हरदादांना वाट सांगावी लागली, कारण दरवेळी तिथला रस्ता वेगळा असतो. आई गॅलरीत उभी होती.

पुण्यातल्या एकोणीस दिवसांबद्दल फार लिहीत नाही. आईचे डोळ्यांचे ड्रॉप्स, बँकेचं काम, दुपारची झोप, संध्याकाळी मेट्रोने वनाझहून डेक्कनपर्यंत उगीच एक चक्कर. आईला मेट्रो फार आवडते. तिला वरून मुठेचं पात्र दिसतं आणि ती दरवेळी म्हणते, "पानशेतच्या वेळी हे सगळं पाण्याखाली होतं." १९६१ साली पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

तर त्या संध्याकाळी टेबलावर. आईने विचारलं, "मग लंडनला कुठलं दाखवणार?"

हा प्रश्न यंदा नेमका महत्त्वाचा होता. २५ फेब्रुवारी २०२६पासून ब्रिटनने नियम कडक केलाय. ऑस्ट्रेलियासारख्या देशांच्या पाहुण्यांना निघण्यापूर्वी ईटीए म्हणजे ऑनलाइन परवानगी लागते, ती नसेल तर विमानात बसवत नाहीत. आणि जो स्वतः ब्रिटिश नागरिक आहे त्याला ईटीए मिळत नाही. पूर्वी माझ्यासारखी माणसं दुसऱ्या पासपोर्टवर आरामात जाऊन यायची. आता ब्रिटनचा चालू पासपोर्ट तरी हवा किंवा दुसऱ्या पासपोर्टाला जोडलेलं, ब्रिटनमध्ये राहण्याच्या हक्काचं प्रमाणपत्र तरी, आणि फेब्रुवारी २०२६मध्ये त्या प्रमाणपत्राला ५८९ पाउंड पडत होते. मेलबर्नमधल्या आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत ब्रिटनचे पासपोर्ट मुदत संपून ड्रॉवरमध्ये पडले आहेत. मुलांना तर आपण ब्रिटिश आहोत याची आठवणही नसते. त्यांनी तिकीट काढण्याआधी ड्रॉवर उघडून तारीख बघावी.

नावाचंही तसंच. माझा २०२४चा पासपोर्ट निघताना दोन देशांच्या कागदांवर नाव तंतोतंत एक आहे का, हे विचारलं गेलं. एकावर मधलं नाव होतं, एकावर नव्हतं. आपल्याकडे बाईच्या नावात वडील, नवरा, माहेर, सासर असं सगळं येऊन जातं, आणि प्रत्येक कारकुनाने त्यातलं वेगळं उचललेलं असतं. ते एक करायला मला चार महिने लागले. मुलींची लग्नं झाली की ज्यांनी कागद बदलायला घेतलेत, त्यांनी दोन्ही पासपोर्टांवर एकदमच बदलावेत.

आठ वाजता टॅक्सी आली. रद्द झालेला पासपोर्ट मी पुन्हा पिशवीत घातला आणि आईच्या हातात दिला. "इथेच राहू दे. तुझ्याकडे." तिने तो कपाटात ठेवून किल्ली फिरवल्याचा आवाज मला जिन्यात ऐकू आला.

मुंबईहून निघताना काहीच अडचण आली नाही. जायचं ब्रिटनला, हातात ब्रिटनचा, भारतातून बाहेर पडण्याची नोंदही त्याच्यावरच. हीथ्रोला यंत्राच्या दारावर पासपोर्ट ठेवला, चेहरा वर केला, दार उघडलं. लेक बाहेर उभी होती. तिच्याकडे सहा दिवस राहिले.

लंडनहून परतताना मात्र पासपोर्ट बदलायचा असतो. ब्रिटनमधून बाहेर पडताना इमिग्रेशनची खिडकी नाही, शिक्काही नाही. प्रवाशांची माहिती विमान कंपनीच सरकारला कळवते. त्यामुळे विचारणारी एकच व्यक्ती असते, चेक-इनवरची, आणि तिचा प्रश्न ऑस्ट्रेलियाबद्दल असतो. तिथे ब्रिटनचा पासपोर्ट दिला की व्हिसा विचारतात, आणि ऑस्ट्रेलियाच्या नागरिकाला ऑस्ट्रेलियाचा व्हिसा कोण देणार? म्हणून खणाचं कव्हर पाउचमध्येच ठेवलं आणि दुसरा पुढे केला. या वेळी बुकिंगमध्येही तोच नंबर घातला होता. दोन मिनिटांत काम झालं.

मेलबर्नला उतरण्याआधी विमानात ते कागदी कार्ड आलं. खाण्याचं काही आणलंय का, या प्रश्नापुढे मी 'हो'वर खूण केली. आईने लंडनला पुरून उरेल इतकी बाकरवडी दिली होती आणि दोन पाकिटं अजून शिल्लक होती. दुधाची मिठाई मी आणत नाही, ती तिथे चालत नाही. पासपोर्ट क्रमांकासमोर ऑस्ट्रेलियाचा नंबर लिहिला. मागच्या बाजूला, परत येणाऱ्या रहिवाशांसाठी एक ओळ असते: परदेशात सर्वांत जास्त दिवस कुठल्या देशात राहिलात?

पेन जरा अडखळत होतं. दोनदा गिरवून मी लिहिलं, भारत.