तुमचा हात थरथरत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे, आणि हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की एकदा सविस्तर उत्तर देऊन टाकलेले बरे. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका असोत की गणपतीत दर्शनाला येणारी ओळखीची मंडळी असोत, बाहेरच्या खोलीतल्या, मी रंगवलेल्या इंचभर मूर्तींच्या काचेच्या कपाटापाशी आले की प्रत्येक जण आधी वाकून पाहतो, मग चष्मा वर-खाली करतो आणि मग विचारतो, “एवढेसे डोळे रंगवताना तुमचा हात थरथरत नाही का हो?” थरथरतो. मी 52 वर्षांची आहे, आणि सात वर्षांपूर्वी पहिली मूर्ती रंगवायला घेतली तेव्हापेक्षा माझा हात आज जास्तच थरथरतो. तरीही आजच्या मूर्तीचे डोळे पाहणाऱ्याकडे पाहतात, आणि सर्वांत खालच्या फळीवर मी मुद्दाम जपून ठेवलेली ती पहिली मूर्ती, एक सांगाडा, मात्र शेवाळात पडून उठल्यासारखी दिसते. हा फरक हाताने घडवलेला नसल्यामुळे उत्तर देताना मला हाताविषयी थोडे आणि पाण्याविषयी पुष्कळ बोलावे लागते, आणि तेवढ्यात विचारणाऱ्याचा चहा निवतो.

या मूर्ती म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण माझ्या सासूबाई त्यांना अजूनही ‘तुझी भुते’ म्हणतात. 1974 साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला आणि 1983 साली इंग्लंडमध्ये ‘वॉरहॅमर’ निघाला. अशा खेळांतले योद्धे, जादूगार, बुटके, ऑर्क नावाचे हिरवे राक्षस यांच्या प्लास्टिकच्या किंवा रेझिनच्या छोट्या मूर्ती मिळतात, त्यांना मिनिएचर म्हणतात. माणसाएवढ्या पात्राची मूर्ती साधारण 28 ते 32 मिलिमीटर उंच असते आणि ती करड्या रंगाची, कोरी येते, रंगवायची आपण. माझ्या भाच्याने असा एक खोका आणला, खेळ दोनदा खेळला आणि खोका आमच्याकडेच ठेवून तो नोकरीच्या गावी गेला. मी चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेरीत काम करते, मार्चअखेर संपली होती, हाताला चाळा हवा होता. यापलीकडे त्या सुरुवातीत सांगण्यासारखे काही नाही.

पहिल्या तीसेक मूर्ती मी बाटलीतला रंग जसाच्या तसा घेऊन रंगवल्या. ॲक्रिलिक रंग बाटलीत असतो तेव्हा श्रीखंडासारखा असतो, आणि तो तसाच लावला की चिलखतावरचे खिळे, दाढीचे केस, बोटांमधल्या फटी असे सगळे बारीक कोरीव काम त्याखाली बुजून जाते. मला वाटायचे की आपला हात कच्चा आहे, सरावाने बसेल. म्हणून मी सराव केला, म्हणजे तीच चूक तीस वेळा केली. ‘करत राहा, जमेल’ असे सांगणाऱ्यांवर तेव्हापासून माझा थोडा राग आहे. काय करत राहायचे ते त्यांनी सांगायला हवे.

रंग पातळ करावा हे मला ठाऊक नव्हते असे नाही, पण ‘पातळ’ म्हणजे किती हे कळत नव्हते. शेवटी जे प्रमाण सापडले ते स्वयंपाकघरातले आहे: घुसळलेल्या ताकाची वाटी तिरकी केली की कडेला जो धूसर पांढरा पापुद्रा राहतो, तितका दाट. पडताळा घ्यायचा तो अंगठ्याच्या नखावर. कुंचल्याने नखावर रेघ ओढायची. रेघ जागच्या जागी राहिली आणि तिच्यातून नख किंचित दिसले तर रंग योग्य, रेघ पसरून नखाच्या कडेच्या कातडीत शिरली तर पाणी जास्त, आणि रेघेला कुंचल्याच्या केसांचे ओरखडे दिसले तर पाणी कमी. असा रंग एका हातात कधीच झाकत नाही, दोन-तीन हात द्यावे लागतात, आणि प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कुंचला रंगात बुडवल्यावर तो आधी टिश्यूला टेकवायचा. ते पोटातले जादा पाणी निघून गेले नाही की मूर्तीला स्पर्श होताच रंगाचे तळे होते, आणि आपण हाताला दोष देत बसतो.

कुंचल्याबाबतही माझा समज उलटा होता. डोळा मिलिमीटरहून लहान, तेव्हा दुकानातला सर्वांत बारीक कुंचला आणायचा, हे कोणालाही पटेल. पण तीन शून्यांच्या (000 आकड्याच्या) त्या कुंचल्यात रंग मावतो थेंबभर, आणि बडोद्याच्या मे महिन्यात, पारा 42 च्या वर असताना, तो थेंब रंग कालवायच्या पॅलेटपासून मूर्तीपर्यंत जाईस्तोवर टोकावरच वाळतो. मग आपण दाबतो, आणि दाबले की हात थरथरतो. याउलट त्याहून जाड, 1 आकड्याचा, पोट भरलेला पण टोक सुईसारखे जुळणारा कुंचला रंग धरून ठेवतो आणि टोकाशी थोडा थोडा सोडतो. त्याच उन्हाळ्यात मी ओला पॅलेट केला: चपटा डबा, तळाशी भिजवलेल्या टिश्यूच्या घड्या आणि वर बेकिंगचा कागद, ज्यातून खालची ओल रंगाला लागत राहते. मिठाईवाल्याकडचा बटर पेपर वापरून पाहू नका, तो माझ्याकडे अर्ध्या तासात लगदा झाला.

प्रायमरचे, म्हणजे रंगाआधी फवारायच्या अस्तराचे, थोडक्यात सांगते. मूर्ती भांड्याच्या साबणाने धुऊन तिच्यावर प्रायमरचा मॅट (बिनचकाकीचा) थर दिला नाही तर पातळ रंग प्लास्टिकवर धरत नाही, अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होतो. हा फवारा गच्चीवरच मारावा लागतो. ऐन उन्हात मारला तर तुषार हवेतच वाळून मूर्तीवर वाळूसारखे बसतात, पावसाळी दमट हवेत शेवटचे मॅट वार्निश मारले तर मूर्तीवर दुधी धुके चढते, आणि उत्तरायणात गच्चीवर पतंगवाल्यांमुळे उभे राहायलाही जागा नसते. एकदा वाऱ्याची दिशा न पाहता फवारा मारल्यामुळे शेजारच्या काकूंच्या कुरडयांच्या एका रांगेवर राखाडी झाक आली. ती रांग त्यांनी फेकली, आणि पुढच्या वर्षीच्या वाळवणाला मी मदतीला गेले.

पाण्यानंतर ज्याने माझे काम बदलले ती गोष्ट म्हणजे उजेड. मूर्तीला नाक, गाल, घड्या सगळे असताना तिच्यावर सावली वेगळी रंगवायची कशाला, हे मला बराच काळ समजत नव्हते. महाराजा फतेसिंह संग्रहालयात रविवर्म्याची चित्रे पाहताना पुढे लक्षात आले की सपाट कॅनव्हासवर त्याने पदराच्या घड्यांतला उजेड रंगवला म्हणून तो पदर जड वाटतो, आणि माझ्या मूर्तीच्या अंगरख्याला खरोखरीच्या घड्या असूनही तो हलका, खेळण्यातला वाटतो. कारण असे की चार मिलिमीटरच्या चेहऱ्यावरचे नाक खोलीतल्या पसरट उजेडात डोळ्यांना दिसेल एवढी सावली पाडतच नाही. मोठ्या वस्तूवर जे काम उजेड करतो ते एवढ्या लहान वस्तूवर रंगाने करून द्यावे लागते. तेव्हापासून मी मूर्तीला आधी सर्व बाजूंनी काळा प्रायमर देते आणि मग फक्त वरून पांढऱ्याचा हलका फवारा मारते. जिथे पांढरे पडले तिथे उजेड, जिथे काळे राहिले तिथे सावली, असा नकाशा तयार मिळतो. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रे मला रविवर्म्याहून जवळची वाटतात, पण ती रेघेच्या बळावर उभी आहेत आणि या कामात त्यांची नक्कल करता येत नाही. मी करून पाहिली आहे.

सोने मात्र मला संखेड्याने शिकवले. इथून तास-दीड तासावरच्या त्या गावात खरादी कारागीर सागवानी झोपाळे आणि खुर्च्या घडवतात, आणि त्यांच्यावरची सोनेरी नक्षी सोन्याच्या रंगाची नसतेच. ते कथलाची नक्षी काढतात आणि तिच्यावर लाखेचा पारदर्शक थर चढवतात, त्या थरातून पाहिले की कथील सोने दिसते. माझ्या बाटलीतला सोनेरी रंग दाणेदार आणि मळकट दिसायचा. मग मी एका बुटक्याची ढाल आधी चंदेरी रंगवली आणि तिच्यावर पिवळसर तपकिरी रंगाचे, जवळजवळ पाणीच म्हणावे असे चार थर दिले. मिनिएचरवाले याला ग्लेझ म्हणतात. ढालीच्या कडा उजळ राहिल्या, खोबणीत तांबूसपणा उतरला, आणि त्या रात्री मी ती ढाल घरातल्या प्रत्येक दिव्याखाली नेऊन पाहिली.

आता डोळे. गेल्या नवरात्रात मावशी आली होती. तिचे ठिपक्यांचे रांगोळीकाम असे की चिमटीतून सुटणारी रेघ दोऱ्यासारखी पडते. तिला मी एक जादूगार आणि कुंचला दिला. तिचा हात तसूभरही हलला नाही, आणि जादूगाराच्या गालावर पांढरा ओघळ आला, कारण टिश्यूला टेकवायचे तिला मी सांगितलेच नव्हते. “माझा हात आता गेला बाई,” असे ती म्हणाली, तेव्हा मला फार वाईट वाटले. मग दोघींनी मिळून केले ते असे: मूर्ती औषधाच्या रिकाम्या बाटलीवर चिकटवलेली असतेच, ती बाटली डाव्या हातात धरायची, दोन्ही मनगटे एकमेकांना टेकवून टेबलाच्या कडेवर ठेवायची, म्हणजे थरथरले तरी दोन्ही हात एकत्र थरथरतात आणि कुंचला मूर्तीच्या जागचा हलत नाही. आधी डोळ्याची सगळी खोबण गडद तपकिरी भरायची, तिच्यात थोडी कड सोडून मळकट पांढरा भरायचा (शुभ्र पांढऱ्याने मूर्ती दचकल्यासारखी दिसते), आणि बाहुलीसाठी ठिपका न देता वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत एक उभी रेघ ओढायची. रेघ वर-खाली बाहेर गेली तरी चालते, कारण शेवटी कातडीच्या रंगाने पापण्या पुन्हा रंगवून ती छाटता येते. पातळ रंगाचा हा मोठा आधार आहे, चूक झाकायला जागा शिल्लक राहते. मावशीने उजवा डोळा दोनदा आणि डावा पाच वेळा केला. तो जादूगार किंचित तिरळा आहे आणि वरच्या फळीवर आहे.

अंगरख्यावर एका रंगातून दुसऱ्यात नकळत जाणे मला अजून नीट जमत नाही. लाल आणि काळ्याच्या सीमेवर पायऱ्या दिसतात, आणि फोनवर फोटो काढला की त्या अधिकच दिसतात. सध्या टेबलावर एक ऑर्क आहे. त्याचे हिरवे खांदे झाले आहेत, दात राहिले आहेत, आणि आज जुलैची 12 तारीख असल्यामुळे दात झाले तरी त्याला वार्निश ऑक्टोबरच्या आधी लागणार नाही. तोवर आलात तर पाहा, पण कृपया हात लावू नका.