गोडाऊनचा अनुभव एआयच्या कामात

आज टीममधल्या नव्या मुलीसोबत बसून विक्रीचा रिपोर्ट चॅटजीपीटीकडून करून घेतला, फॉर्म्युले दोन मिनिटांत आले, भाषा पण एकदम चकाचक, पण एका टेबलात परत आलेला माल विक्रीतच धरला होता. तिनेच पकडलं! कारण ती आधी गोडाऊनला होती, रिटर्नची एन्ट्री कशी पडते ते तिला तोंडपाठ आहे. इतकं भारी वाटलं ना मला!

चॅटजीपीटीसारखी ही एआय मॉडेल्स पुढचा शब्द कुठला येईल या अंदाजावर चालतात, त्यामुळे चुकीचं उत्तर पण तितक्याच ठामपणे देतात. १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क (पर्सनल कॉम्प्युटरवरचं पहिलं स्प्रेडशीट, एक्सेलसारखं) आलं आणि मग हळूहळू हाताने बेरजा करत बसायचं काम कमी झालं, पण आकडे बघून पुढे काय करायचं हे सांगणारी माणसं लागतच राहिली (आणि अजूनही लागतात).

आता ठरवलंय, रोज जेवणानंतर अर्धा तास, ती मला रिटर्नचं लॉजिक शिकवणार आणि मी तिला प्रॉम्प्ट (एआयला द्यायची सूचना) लिहायला, म्हणजे कुठला कॉलम घ्यायचा, काय वगळायचं हे आधीच स्पष्ट सांगायचं, आणि ग्राहकांची नावं-नंबर तर अजिबात टाकायचे नाहीत. टीममधलं अजून कुणी येणार असेल तर बिनधास्त या.